सवाष्णीचं पान

“सवाष्णीनं पान टाकायचं नसतं गं,” आत्याबाई म्हणाल्या आणि प्रभाअक्कांच्या पानात दुसरी पुरणपोळी पडली. वर तुपाची धार, शेजारी गूळ घातलेल्या दुधाची वाटी.

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मी आमटीचं पातेलं घेऊन उभी होते. डोळ्यांनीच विचारलं, हळूच काढून घेऊ का? त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. समोर महालक्ष्म्या उभ्या, शेजारी गल्लीतल्या चार सवाष्णी जेवायला बसलेल्या, आणि वाढायला खुद्द आत्याबाई. नाही म्हणायची कुणाची टाप होती! अक्कांनी मान खाली घातली आणि पोळीचा तुकडा मोडला.

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. बार्शीला आमची डाळीची गिरणी. घरात थोरल्या प्रभाअक्का आणि धाकटी मी, नलिनी. बारा-तेरा वर्षं झाली या गोष्टीला. पण भाद्रपदात पुरण शिजायचा वास आला की अजून माझ्या छातीत एकदा धस्स होतं आणि मग हसू येतं. आधी धस्स का होतं, ते सांगते.

अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा अंगानं बऱ्यापैकी होत्या. दोन बाळंतपणं झाली, गुडघे गेले, आणि मग वजनाला काही धरबंधच राहिला नाही. पंगतीला खाली बसता यायचं नाही, देवळाच्या पायऱ्या चढता यायच्या नाहीत. पलीकडच्या तोडकरकाकू तोंडावर म्हणायच्या, “प्रभा, तू रिक्षात बसलीस की रिक्षावाला मीटर न्हाई, काटा लावतो.” सगळ्या हसायच्या, अक्काही हसायच्या. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडं पाठ करून उगाच कणीक मळत बसायच्या. मला ती पाठ अजून आठवते.

शेवटी त्यांच्या भावानं त्यांना पुण्याला नेलं आणि पोटाचं ऑपरेशन करून आणलं. जठराचा मोठा भाग बाजूला ठेवून लिंबाएवढी पिशवी केली, आणि आतडं उचलून तिला जोडलं. खाणं कमी, अंगाला लागणंही कमी. बरोबर मी होते, म्हणून मला ठाऊक. घरात ठाऊक आत्याबाईंना, मोठ्या भाऊजींना आणि आमच्या ह्यांना. बाकी बार्शीला सांगितलं की पित्ताशयाचं ऑपरेशन. पोटावर चार बारीक भोकं, ती दोन्हीकडं सारखीच. खोटं अगदी फिट्ट बसलं.

पण वर्षाच्या आत अक्का निम्म्या झाल्या. आता पित्ताशय काढून कुणी निम्मं होत नाही, हे तोडकरकाकूंनाही कळत होतं. मार्गशीर्षातल्या हळदीकुंकवाला त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, “काय केलंस गं प्रभे? आम्हाला पण सांग की.” अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, “सोळा मंगळवार केले तिनं. कडक. देवीनं हाक ऐकली.”

संपलं! पुढच्या मंगळवारपासून निम्म्या गल्लीनं उपास धरले. कुणाचं वजन छटाकभर उतरलं नाही. साबुदाण्याच्या खिचडीनं दोघी-तिघींचं वाढलंच. पण दोष उपासाला नाही, त्यांच्या भक्तीला. अक्कांना मात्र मान आला. देवीची कृपा झालेली बाई म्हणून पहिली ओटी त्यांची आणि पहिली सवाष्णही त्याच.

रात्री मी आत्याबाईंचे पाय चेपताना म्हटलं, “आत्याबाई, कशाला हो असं बोललात?”

“मग काय सांगू? आमच्या सुनंनं पोट कापून घेतलं, खायचं आवरंना म्हणून? माझ्या घराला नावं ठेवून घेऊ?” त्यांनी पाय आखडून घेतला. “देवी समजून घेती. माणसं घेत न्हाईत.”

अक्कांचं मात्र नवं आयुष्य सुरू झालं. चाळिशी उलटलेली बाई, स्कूटी शिकली. लाल रंगाची. गिरणीवर डबा पोचवायला जायच्या, भाजीला जायच्या, काही काम नसलं तरी पेट्रोल भरायला जायच्या. मला मागं बसवून बायपासपर्यंत जायच्या आणि म्हणायच्या, “नले, वारा कसा लागतोय बघ. मला आधी वारा लागतच नव्हता गं, अंगाला अडून जायचा.” पहिली तीन-चार वर्षं अशी सुखाची गेली. पुण्याच्या डॉक्टरांनी दरवर्षी दाखवायला या म्हणून बजावलं होतं. दोनदा गेलो. मग एकदा गिरणीचा सीझन आडवा आला, एकदा लग्न आडवं आलं, आणि पुढं विसरूनच गेलो. बाई ठणठणीत दिसत होती, कशाला जायचं?

आणि मग त्या पडायला लागल्या.

पहिल्यांदा संक्रांतीला, गुळाच्या पोळ्या खाऊन झाल्यावर दुपारी. घामानं चिंब, हातपाय लटपटताहेत, बोलणं जड. डॉक्टर नान्नजकरांच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी सलाईनची बाटली लावली, आणि अर्ध्या तासात अक्का उठून बसल्या, “मला काय झालंय?” म्हणत. मग रक्त काढलं, सगळं तपासलं. काही नाही! दोन महिन्यांनी भाच्याच्या साखरपुड्यात पुन्हा तेच. पुन्हा दवाखाना, पुन्हा बाटली, पुन्हा ठणठणीत. मग श्रावणात. पाचव्या वर्षात दवाखान्यातली कोपऱ्यातली खाट जणू आमच्याच नावावर झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, “पोटाचं ऑपरेशन कसलं झालंय?” भाऊजी म्हणाले, “पित्ताशयाचं.” कारण शेजारच्या खाटेवर तोडकरकाकूंची भाची होती. एकदा खोटं सांगितलं की पुढं तेच चालू राहतं.

शेवटी फिट येते असं ठरलं. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. अक्का दिवसभर पेंगायच्या. गॅसजवळ जायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, बाथरूमची कडी लावायची नाही. आणि भाऊजींनी स्कूटीची किल्ली कपाटात कुलपात टाकली. त्या दिवशी अक्का रडल्या नाहीत, पण अंगणात जाऊन स्कूटीवर जुनी चादर घालून आल्या.

मला म्हणाल्या, “नले, असंच कधीतरी जाईन मी. गेले तर पोट कापलं म्हणून मेली, असं सांगू नका. मंगळवार मोडला म्हणून मेली म्हणा. आत्याबाईंचा शब्द राहील.”

“गप बसा अक्का. काहीतरीच!” मी म्हटलं. पण मला भीती वाटत होती. खरं सांगते, दर वेळी बाटली लावली की त्या उठायच्या. एखाद्या वेळी दवाखान्यात पोचायलाच उशीर झाला तर? या एका विचारानं मी त्यांना नजरेआड होऊ देत नव्हते.

तर अशा त्या महालक्ष्म्यांच्या दुपारी अक्कांनी ते पान पुसून संपवलं. दोन पुरणपोळ्या, दुधाची वाटी, वर चमचाभर खीर. एवढंसं जेवणारी बाई, पण सवाष्ण ना! आत्याबाई खूश झाल्या. मला म्हणाल्या, “बघ, आता पाच वर्षं झाली. पोट काय तेवढंच राहतंय व्हय?”

चारच्या सुमाराला हळदीकुंकवाला बायका जमल्या. ओटा भरला, ओसरी भरली. आरती सुरू झाली. टाळ, घंटा, टाळ्या, आत धूप इतका की डोळे चुरचुरायला लागले. ताट अक्कांच्या हातात. मी मागं उभी होते. दुसऱ्या कडव्याला मला दिसलं, ताट तिरपं होतंय. मी हात पुढं करून ताट धरलं तोवर अक्का झुलायला लागल्या होत्या. अंबाडा सुटला. अंगातून घाम असा निथळत होता की ब्लाउज पाठीला चिकटला. डोळे उघडे, पण कुठंच बघत नव्हते. ओठ पुटपुटत होते.

“अक्का!” मी ओरडले.

पण माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? त्याआधीच कुणीतरी किंकाळी फोडली होती, “अंगात आलं गं बाई! प्रभाच्या अंगात आलं!”

टाळ दुप्पट वेगानं वाजायला लागले. तोडकरकाकू कुंकवाचा करंडा घेऊन पुढं आल्या आणि त्यांनी अक्कांचं कपाळ भरून टाकलं. दोघींनी अक्कांना पाटावर बसवलं. एकीनं हातात नारळ दिला, तो गडगडत गेला. बायका ओळीनं पाया पडायला लागल्या.

“सरका! त्यांना बरं नाहीये! दवाखान्यात न्यायचंय!” मी धडपडत पुढं गेले तर माझा दंड धरला काकूंनी.

“शिवू नकोस तिला. देवी हाय आत. मधी पडलीस तर कोप होईल.”

“अहो काकू, त्यांना फिट आली—”

“फिटंत माणूस बसतं व्हय असं? बघ की डोळं कसं लागल्यात.” मग हात जोडून अक्कांसमोर वाकल्या. “आई, माझ्या सतीशचं लग्न कधी जमंल? सांग गं माऊली.”

अक्कांच्या तोंडून जडपणानं शब्द आले, “दार... दार उघडा...”

“बोलली! दार उघडा म्हणली! घराचं दार दक्षिणेला हाय म्हणून अडलंय गं सगळं!”

मी भाऊजींकडं पाहिलं. ते दाराशी उभे होते, हात जोडलेले, ओठ कोरडे. देवी की फिट, पाया पडू की उचलू, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मी ओरडले, “भाऊजी, गाडी काढा!” ते हलले, पण एक म्हातारी आडवी आली, “आरती पुरी हुंद्या.” ते थांबले. मला रडू फुटलं. माझ्या डोळ्यांदेखत अक्कांची मान एका बाजूला कलत चालली होती, आणि शंभर हात त्यांच्या पायांना लागत होते, पण एक हात त्यांना धरत नव्हता.

तेवढ्यात बायका बाजूला झाल्या. आत्याबाई पुढं येत होत्या.

आमच्या घरात सासूनं सुनेच्या पाया पडायची कल्पनासुद्धा कुणी केली नसेल. पण देवी म्हटल्यावर सासू कसली आणि सून कसली! आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, गुडघ्यांवर हात देत कण्हत खाली बसल्या, आणि अक्कांच्या पावलांवर कपाळ टेकलं.

कपाळ टेकलं आणि तिथंच राहिलं.

टाळ वाजत होते. मला वाटलं यांनाही काही झालं की काय. मग त्यांनी डोकं वर केलं. अक्कांचं एक पाऊल दोन्ही हातांत धरलं, तळवा चोळला, घोट्यापर्यंत हात फिरवला, मग पुढं सरकून मानेला हात लावला. आणि त्यांचा चेहरा बदलला. पाया पडायला आलेल्या बाईचा चेहरा गेला आणि आमची रोजची खमकी सासू परत आली.

“टाळ बंद करा,” त्या म्हणाल्या.

कुणी ऐकलं नाही.

“बंद करा म्हणते ना! नले, माझं यंत्र आण. पळ!”

यंत्र म्हणजे साखर मोजायचं. आत्याबाईंना पंधरा वर्षांचा मधुमेह, रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई. ती सुई भरून द्यायची मी, यंत्रात पट्टी घालायची मी. साखर उतरली की त्यांनाही असाच घाम सुटायचा, हातपाय असेच गार पडायचे. आणि माझ्या टाळक्यात हे कधी आलं नव्हतं! कारण साखर उतरते ती साखरेच्या पेशंटची, अशी आमची पक्की समजूत. आणि पुरणपोळी खाल्ल्यावर साखर उतरेल असं तर वेड्यालासुद्धा वाटायचं नाही. मी धावत जाऊन डबी आणली.

तोडकरकाकू आडव्या झाल्या. “वैनी, देवीच्या बोटाला सुई टोचता? सोळा मंगळवारांची पुण्याई हाय ती. सगळ्या गल्लीला भोगावं लागंल.”

आत्याबाई उठल्या. आधी महालक्ष्म्यांकडं वळल्या, हात जोडले, “आई, चुकलं असंल तर मला शिक्षा कर, हिला नको,” म्हणाल्या. आणि मग बायकांकडं वळून, अगदी डाळीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, “हिनं एक बी मंगळवार केलेला न्हाई. पुण्याला जाऊन पोटाचं ऑपरेशन केलंय, वजन उतरवायचं. मंगळवाराचं खोटं मी सांगितलं. तिनं न्हाई. आता सरका, न्हाईतर माझी सून मरंल.”

टाळ आपोआप थांबले. इतकी शांतता झाली की समईची वात चरचरलेली ऐकू आली.

मी अक्कांचं बोट धरलं. बर्फासारखं गार. सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. यंत्रावर आकडा आला तो मी मोठ्यानं वाचला, “अडतीस.”

“अगं आई गं,” आत्याबाई म्हणाल्या. “माझी साठ झाली तर मला भिंत धरावी लागती. मध आण!”

मध कुठं शोधायला जायचं नव्हतं. महालक्ष्म्यांपुढं पंचामृताच्या वाट्या मांडलेल्या होत्या. आत्याबाईंनी नैवेद्यातली मधाची वाटी उचलली, बोट बुडवलं आणि अक्कांच्या गालाच्या आत, हिरड्यांना चोळलं. पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चोळलं. “गीळ गं. गीळ माझ्या राणी. थोडं थोडं. ठसका लागंल.” मी अक्कांचं डोकं मांडीवर एका कुशीला धरलं होतं.

मग अक्कांनी जीभ फिरवली. गिळलं. एकदा, दोनदा. थोड्या वेळानं डोळे हलले आणि माझ्या तोंडावर येऊन थांबले.

“नले,” त्या पुटपुटल्या, “दार उघड की. किती कोंडलंय इथं.”

मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच झालं. तोडकरकाकूंनी स्वतः जाऊन दार सताड उघडलं. भाऊजींच्या पायांत एकदाचा जीव आला, त्यांनी अक्कांना उचललं आणि गाडीत घातलं. आत्याबाई हळदीकुंकू तसंच टाकून पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर मधाची वाटी घेऊन.

डॉक्टर नान्नजकरांनी नर्सला नेहमीप्रमाणं हाक मारली, “ग्लुकोजची बाटली लावा.” आत्याबाईंनी हात आडवा केला. “थांबा डॉक्टर. आधी ऐका. बाटली लावायच्या आधीची साखर अडतीस होती. मी मोजलीय. आणि हिचं पित्ताशय जाग्यावर हाय. पुण्यात वजनाचं ऑपरेशन झालंय.”

डॉक्टरांनी यंत्र हातात घेतलं, आकडा बघितला, पुन्हा मोजलं, बाटली लावली. आणि मग खुर्ची ओढून बसले. भला माणूस, पण त्या दिवशी असे तापले! “भाऊसाहेब, दर वेळी विचारत होतो तुम्हाला. दर वेळी! तुम्ही इथं आणता, मी आधी जीव वाचवायला ग्लुकोज लावतो, मग रक्त काढतो. तोवर साखर बरोबर. मी आपला फिट, फिट म्हणून झाडाच्या शेंड्यावर चढतोय, आणि आग बुंध्याला! मला हे ऑपरेशन माहीत असतं तर पहिल्याच दिवशी हा विचार केला असता.”

भाऊजी चपलांकडं बघत उभे राहिले.

“त्याला बोलू नका,” आत्याबाई म्हणाल्या. “मला बोला. मी गप बसवलं होतं सगळ्यांना.”

मग डॉक्टरांनी पुण्याला फोन लावला. दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांपुढं बसलो होतो. पाच दिवस अक्कांना ठेवून घेतलं, सगळं तपासलं. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं ते असं. या ऑपरेशननंतर काही जणांना चार-पाच वर्षांनीसुद्धा हा त्रास होतो. पोटाला अडवायला जागाच नाही. गोड खाल्लं की ते धावत आतड्यात उतरतं, साखर एकदम वर चढते, शरीर घाबरून गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं, आणि दोन-अडीच तासांत साखर खाली कोसळते. म्हणजे जितकं गोड जास्त, तितकं पडणं जोराचं.

“म्हणजे मरायची भीती नाही?” अक्कांनी विचारलं. त्यांचा आवाज एखाद्या शाळेतल्या मुलीसारखा बारीक झाला होता.

“सांभाळलंत तर नाही. थोडं थोडं खायचं, दिवसातून पाच-सहा वेळा. आधी डाळ, उसळ, अंडं. नुसतं गोड कधीच नाही. एक औषध देतो. आणि दरवर्षी इथं यायचं, गिरणीचा सीझन असो नाहीतर नसो. फिटच्या गोळ्या नान्नजकरांना विचारून हळूहळू बंद करू.”

“आणि स्कूटी?”

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. “कसली स्कूटी?”

“लाल,” अक्का म्हणाल्या.

डॉक्टर हसले. “दोन-तीन महिने साखर जाग्यावर राहिली की चालवा. खाऊन निघायचं, आणि पर्समध्ये साखर ठेवायची.”

बाहेर बाकावर येऊन बसलो तर अक्का ढसाढसा रडल्या. किल्ली कुलपात गेली तेव्हाचंही रडू त्यात असणार. मी पाठीवर हात फिरवत राहिले. देवा, किती हलकं वाटलं मला! इतके महिने ज्या बाईला मी डोळ्यांत तेल घालून राखत होते, तिला आता स्वतःच स्वतःला राखता येणार होतं.

संध्याकाळी खोलीत आम्ही दोघीच होतो. आत्याबाई खाली चहा प्यायला गेल्या होत्या. अक्का उशीला टेकून बसल्या होत्या, समोर उकडलेल्या मटकीची वाटी. एकेक दाणा खात होत्या. मग हळूच म्हणाल्या, “नले, एक विचारू? खरं सांग. आत्याबाई माझ्या पाया पडल्या म्हणे?”

“पडल्या.”

“डोकं टेकून?”

“टेकून. बराच वेळ.”

अक्कांनी वाटी खाली ठेवली. “वीस वर्षं झाली मला या घरात येऊन. रोज वाकून वाकून माझी कंबर गेली. आणि ज्या दिवशी त्या माझ्या पाया पडल्या, त्या दिवशी मी शुद्धीत नाही! याला नशीब म्हणायचं का गं?”

आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. इतकं की नर्स येऊन डोकावून गेली. तिच्या मागं आत्याबाई उभ्या होत्या. किती वेळच्या उभ्या होत्या देव जाणे. हातात चहाचा कप.

आत्याबाई आत आल्या, कप खिडकीत ठेवला. अक्का घाईनं पाय पोटाशी घ्यायला लागल्या तर त्यांनी चादरीवरूनच पाऊल धरलं, आणि तसंच धरून उभ्या राहिल्या.

“गरम हायत,” त्या म्हणाल्या. “आता बरं वाटलं मला.”

आणि डोळे पुसत खिडकीकडं तोंड करून चहा प्यायला लागल्या.

बार्शीत चार दिवस बोलणं झालं. लोक बोलणारच. पण पाचव्या दिवशी तोडकरकाकू मागच्या दारानं आल्या आणि अक्कांना कोपऱ्यात घेऊन विचारू लागल्या, “पुण्याचे ते डॉक्टर कुठं बसतात गं? माझे बी गुडघे गेल्यात.” अक्कांनी पत्ता दिला, आणि वर बजावलं, “जायचं तर दरवर्षी जायचं काकू. आणि बार्शीभर सांगून जायचं.” सतीशचं लग्नही त्याच वर्षी जमलं. काकू अजून म्हणतात की दार उघडलं म्हणूनच जमलं. म्हणू देत.

पुढच्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना सवाष्णीचं पान आत्याबाईंनी स्वतः वाढलं. आधी मटकीची उसळ, मग वरणाची वाटी, भाज्या, आणि शेवटी पुरणपोळीचा चतकोर. म्हणजे अगदी चतकोर, सुरीनं कापलेला. एका सवाष्णीनं लाडानं म्हटलं, “अहो, देवीच्या दिवशी अख्खी तरी वाढा.” आत्याबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की तिनं पानावरून पुन्हा तोंड वर केलं नाही. “सवाष्णीनं पान टाकायचं नसतं,” त्या म्हणाल्या, “म्हणून टाकावं लागणार न्हाई एवढंच वाढायचं असतं.”

जेवणं झाल्यावर हळदीकुंकवाची फुलं कमी पडली. मी निघणार तेवढ्यात अक्का उठल्या. अंगणात गेल्या. चादर तर कधीच निघाली होती. किल्ली लावली.

“थांब,” आत्याबाई मागनं आल्या. “एकटी जाऊ नकोस. मी येते.”

“तुम्ही?” अक्का आणि मी एकदमच म्हणालो. आत्याबाई जन्मात कधी दुचाकीवर बसल्या नव्हत्या.

“साखर घेतलीस का?”

“घेतली.”

“मी बी घेतलीय. एकीची सरली तर दुसरीची.” त्यांनी पदर खोचला, माझ्या खांद्याचा आधार घेत मागच्या सीटवर बसल्या आणि अक्कांच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली.

स्कूटी फाटकातून बाहेर पडली, वळणावर तिरकी झाली आणि वेगानं दिसेनाशी झाली. दिसेनाशी झाल्यावरही आत्याबाईंचा आवाज कितीतरी वेळ सगळ्या गल्लीला ऐकू येत होता, “हळू चालव गं! हळू चालव, माझे आई!”